मागून वाजणाऱ्या तोरड्या

१ जानेवारी २०१३, मंगळवार

ही डायरी मशीन कंपनीच्या एजंटाने दिली. वर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव होतं, ते मी चाकूने खरवडून काढलं. डायरी माझी आहे, त्यांची नाही.

बातमी अशी की ज्या गिरणीवाल्यांनी तांदूळ पॉलिश करायची नवी मशीन घेतली त्यांना कंपनी थायलंडला नेणार. जोडीने. पुरनलाल पटले विमानात बसणार! मी एकटाच जाणार होतो, पण हिरालाल बायकोला घेऊन चालला आहे. हिरालालची गिरणी माझ्या गिरणीपुढे म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, पण तो बायको नेणार आणि मी नेली नाही, तर कुडव्यापासून आमगावपर्यंत चर्चा होईल. म्हणून आमच्या पोराची, लोकेंद्रची, माय पण येणार.

तिचं डोकं हल्ली चालत नाही. तीनदा हाक मारावी तेव्हा एकदा 'आं?' म्हणते. दूध उतू जातं, ही शेजारी बसून शेंगा सोलते. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या जुन्या हलरवर, धान कांडायच्या यंत्रावर, बसते. मोठी मिल मी बघतो. गावातले लोक घरी खायचं धान पोत्या-दोन पोत्यांनी घेऊन येतात ते कांडून देणं हिच्याकडे. कामाला चांगली. बोलायला धोंडा.

बाजारात जाताना मात्र त्रास नाही. आमच्यात नवरा पुढे, बायको मागे, आणि वळून बघायचं नाही. वळून बघणाऱ्याला लोक बाइलवेडा म्हणतात. मला बघायची गरजही पडत नाही. तिच्या पायात माहेरच्या चांदीच्या तोरड्या आहेत, घुंगरांच्या. मागे छुमछुम चालू असली की समजायचं, आहे.

४ जानेवारी

सोनिका, म्हणजे लोकेंद्रची बायको, दोन महिन्यांपासून मागे लागली होती की आईंचे कान दाखवा. लोकेंद्र भिलाईला नोकरीवर, आणि घरात सुनेचं राज्य. शेवटी आज गोंदियाच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

त्याने कानात दिवा घालून पाहिलं, वाजवून पाहिलं, मग तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाला, "पटलेजी, मशीन के पास बैठती हैं क्या?"

म्हटलं, बसते.

"नस झिजली आहे. जे गेलं ते परत नाही येणार. जे उरलं आहे ते वाचवायचं असेल तर आजपासून हलरवरून उठवा आणि कानाला यंत्र लावा."

मी विचारलं, यंत्र दिसतं का? तर म्हणे, थोडं दिसतं, कानामागे असतं.

झालं! आमच्या पोरीला, दुर्गेश्वरीला, बघायला आमगावचे बोपचे येत्या शुक्रवारी येणार आहेत. त्यांनी होणाऱ्या विहिणीच्या कानात यंत्र पाहिलं तर काय म्हणतील? हे खानदानातलंच आहे म्हणतील. आज आई, उद्या पोरगी, परवा नातू. सोयरिक तिथेच मोडली. आणि हलरवरून उठवून बसवू कोणाला? नोकर ठेवला की पोत्यामागे दोन पायल्या त्याच्या घरी.

बाहेर आलो तर बाकावर पदर सावरून बसली होती. "का म्हणलं जी डाक्टरनं?"

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "काही नाही! मळ हाय म्हणते! तेल घालजो!"

ती एवढी खूश झाली की रस्त्यात हसत होती. घरी येऊन सोनिकाला सांगितलं, "पाह्य, म्हणलं होतं ना मी? मळ निघाला." दोघींनी तेल गरम केलं.

सोनिकाला संशय आला असावा. मला बाजूला गाठून म्हणाली, "मामाजी, यंत्राचं काही म्हणाले का डॉक्टर?" मी सांगितलं, लग्न होऊ दे, मग पाहू. हे मी माझ्यासाठी करत नाही, पोरीसाठी करतो. बापाला सगळं बघावं लागतं.

११ जानेवारी

आजचा दिवस आठवला की अंगाची आग होते.

बोपचे आले. मुलगा चांगला, वडील कमी बोलणारे, आई सगळीकडे नजर टाकणारी. पोरगी पसंत पडल्यासारखी दिसत होती. मग मुलाची आई भजी खाता खाता आमच्या हिच्याकडे वळली. "समधीणबाई, माहेर कोणतं तुमचं?"

ही हसून म्हणाली, "हायेत ना जी आणखी. कढईत हायेत."

त्या बाईला वाटलं आपलंच चुकलं. तिने पुन्हा विचारलं, "दुर्गेश्वरी सगळ्यात लहान का?"

"मीठ कमी झालं असन," ही म्हणाली.

बोपच्यांचा मुलगा रुमालात हसला. मी बसल्या जागी तिच्या मांडीला असा चिमटा काढला की तिचे डोळे भरून आले, पण आवाज केला नाही, एवढं वळण आहे. मी म्हटलं, "मजाक करते, हिची सवय हाय." ते लोकही हसले, पण जाताना म्हणाले, "महाशिवरात्रीला नागऱ्याला दर्शनाला येऊन राहिलो, तिथं भेटू. तवा नक्की सांगू." म्हणजे दोन महिने टांगून ठेवलं.

ते गेल्यावर तिला सांगितलं, यापुढे लोकांसमोर तोंड उघडायचं नाही. समजलं की नाही कोण जाणे. मग मी परीक्षा घेतली. ती चुलीशी पाठ करून बसली असताना मागे पितळी लोटा आपटला. दचकली! म्हणजे ऐकू येतं. जमीन हादरली म्हणून दचकली, असं सोनिका म्हणते. शिकलेल्या सुनेकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं.

मी चार दिवस तिच्याशी अबोला धरायचं ठरवलं आहे.

१५ जानेवारी

अबोला सोडला. तिच्या लक्षातच आलं नाही.

२५ जानेवारी, थायलंड

पोचलो. विमानात तिने सगळा वेळ दोन्ही कान दाबून धरले होते आणि तोंड वाकडं केलं होतं. हिरालालची बायको खिडकीतून ढग बघत 'अगोबाई अगोबाई' करत होती. देवाने बायको दिली ती प्रत्येकाला वेगळी दिली.

२६ जानेवारी

मोठी मिल पाहिली. आपल्या दहा मिली तिच्या पोटात मावतील. धान एका तोंडाने आत जातं आणि पिशवी शिवून बाहेर पडते, माणसाचा हात लागत नाही. हिरालाल तोंड उघडं टाकून फिरत होता.

तिथल्या कामगारांच्या कानांवर दोन वाट्यांसारखी झाकणं होती, डोक्यावरून पट्टीने जोडलेली. बायकापण तशाच. लोकेंद्रच्या मायने ते पाहिलं आणि चालायची थांबली. एका बाईच्या समोर जाऊन उभी राहिली, तिच्या कानांकडे बघत. मग माझ्याकडे येऊन विचारलं, "हे कायले लावते जी?"

"थंडी वाजते म्हणून!" मी ओरडलो.

"एवढ्या गरमीत?"

बोलली ते बरोबर होतं, सगळ्यांना घाम सुटला होता. पण मला तिथे बाजार भरवायचा नव्हता. पुढे चाललो. ती दारापर्यंत स्वतःच्या दोन्ही कानांवर हात ठेवून आली, वेड्यासारखी. गाइड हसला.

२८ जानेवारी

आज मोकळा दिवस होता. गाइडने सकाळी बाजारात सोडलं आणि सांगितलं, फिरा, खा, घ्या, दुपार कलली की या घड्याळाच्या खांबाखाली या. पुढे जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण हिरालाल ते आपल्या पद्धतीने सांगत सुटणार आहे.

बाजार म्हणजे काय सांगावं! आपला गोंदियाचा बाजार दहा वेळा गुंडाळून ठेवला तरी पुरणार नाही. वर पत्रे, खाली ओल्या गल्ल्या. एका गल्लीत नुसती फुलं, दुसरीत नुसती वाळलेली मासळी, वास असा की हिरालालच्या बायकोने नाकाला लावलेला पदर शेवटपर्यंत काढला नाही. खेकडे गवताच्या दोरीने बांधून पेंढीसारखे रचलेले. आणि टोळ! आपण धानावरून हाकलतो ते टोळ हे लोक तळून कागदाच्या पुड्यात देतात. बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात होता, तो मी घेतला. वाईट नव्हता, पण आपल्या काळीमुछ तांदळाची सर नाही.

मी पुढे, ती मागे. गल्लीत गर्दी, पण मागे छुमछुम चालू होती. मी नेहमीप्रमाणे न वळता तिला सगळं समजावत होतो. हे पाह्य, याले टोळ म्हणते. हा पाह्य तांदूळ, पॉलिश कसा मारला. ही बाई पाह्य, तुझ्या वयाची अन् कशी तरतरीत. बोलत बोलत बऱ्याच गल्ल्या झाल्या. मी तिला इतकं कधी सांगितलं नसेल. मनात आलं, बरी आहे बिचारी, उलट बोलत नाही. नारळवाल्यापाशी थांबलो, दोन नारळ फोडायला सांगितले आणि एक तिला द्यायला वळलो.

मागे बर्फाच्या गोळ्याची हातगाडी होती. दांड्याला घुंगरांची माळ. गाडीवाला म्हातारा माझ्याकडे बघून हसला आणि त्याने माझ्या हातातला नारळ घेतला.

मी त्या गाडीला दोन तास बाजार दाखवत होतो.

मी परत फिरलो. फुलांची गल्ली, मासळीची गल्ली, पुन्हा फुलांची. हाक मारली, "ओ लोकेंद्रची माय! ओ!" लोक बघायला लागले. नाहीच सापडली तर? आणि तिच्याबद्दल काही वाटायच्या आत मनात आलं, आता बोपच्यांना काय सांगायचं, आणि हिरालाल गावात काय सांगेल. पासपोर्ट माझ्या खिशात होता हे एक बरं.

घड्याळाच्या खांबाखाली गाइड मोबाइल घेऊन उभा होता. बाजारात भोंगा आहे, त्यावर नाव पुकारू म्हणाला. "नाम क्या है?"

"लोकेंद्र की माय."

"नहीं, नाम, नाम!"

ते जिभेवर येईना. आयुष्यात कधी तोंडाने घेतलं असेल तर शपथ. आमच्यात घेत नाहीत. मी पासपोर्ट काढून त्याच्यापुढे धरला. तोपर्यंत सगळी बस जमली होती आणि हिरालाल पोट धरून हसत होता. "पुरनभाऊ, बायकोचं नाव इसरले का जी!" भोंग्यावर 'मुन्नीबाई पटले, मुन्नीबाई पटले' असा पुकारा झाला. पुष्कळ वेळा झाला. येते कुठे! भोंगा काय नि दगड काय, तिला सारखंच.

शेवटी हिरालालच्या बायकोनेच शोधून काढली. बाजाराच्या टोकाला एक गल्ली होती, तिथे चष्मे, रेडिओ, घड्याळं, बॅटरीचे सेल असली दुकानं. एका म्हातारीच्या टपरीत स्टुलावर ही बसली होती. डोक्यावर पदर नाही! तोंड वर करून, डोळे मिटून बसली होती, आणि म्हातारी तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती, आणि ही हसत होती. खदखदून हसत होती. लग्नापासून मी तिला असं हसताना पाहिलं नाही. समोर काचेच्या पेटीत कापसावर वालाच्या दाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं काहीतरी मांडलेलं होतं.

मला पाहून तिने घाईने पदर घेतला. मी तिला मनगटाला धरून ओढलं, स्टूल पडलं. म्हातारी त्यांच्या भाषेत मला काहीतरी रागाने बोलली. ही मागे वळून तिच्याकडे बघत होती.

बसमध्ये मी सगळ्यांसमोर तिची चांगली हजेरी घेतली. इतका ओरडलो की पुढच्या बाकावरचे लोकही फिरून बघायला लागले. ती नेहमी 'आं?' म्हणते, आज म्हणाली नाही. नुसता चेहरा आक्रसला, जणू मी मारलं.

उतरताना लक्षात आलं की पाय नुसते आहेत. "तोरड्या कोठी गेल्या?"

"पडल्या जी."

"दोन्ही?"

"हाव. दोन्ही."

तिच्या आईने दिलेल्या तोरड्या गमावून आली आणि चेहऱ्यावर दुःखाचं नाव नाही. मी जेवलो नाही. रागाने जेवण उतरत नव्हतं. मग टोळांची पुडी होती ती संपवली.

२९ जानेवारी

तिला बाजाराचा धक्का बसलेला दिसतो. सकाळी हॉटेलात माझ्या हातून चमचा पडला तर ती उडाली. नंतर खिडकीशी बराच वेळ उभी. बाहेर झाडावर कसली तरी पाखरं ओरडत होती, आणि ही त्यांच्याकडे तोंड करून रडत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही जी. चिमण्या हायेत."

पदर मात्र आता दोन्ही कानांवरून घट्ट घेते, एवढ्या उकाड्यातही सोडत नाही. चूक कळली म्हणायची. ओरडल्याशिवाय माणूस सुधारत नाही.

५ फेब्रुवारी, घर

पाच-सहा दिवसांत पन्नास लोक येऊन गेले. थायलंडची मिल कोणी विचारत नाही, सगळ्यांना बायको हरवल्याची गोष्ट ऐकायची असते. हिरालालने सांगायच्या आधी मीच सांगतो. बर्फाच्या गाडीचं गाळून टाकलं. तिचं टपरीत बसणं, तोंड वर करणं, डोळे मिटणं हे मी करून दाखवतो. लोक लोळतात. ती चहा घेऊन येते, मी तिच्या तोंडावर तिची नक्कल करतो, ती कप ठेवते आणि जाते. या एका गोष्टीत बहिरी बायको बरी. घरात काहीही बोला, कोणाला लपवायला नको.

दूध हल्ली उतू जात नाही. बसमध्ये ओरडलो त्याचा गुण.

१२ फेब्रुवारी

सोनिका भिंतीशी बोलावं तशी सासूशी हळू आवाजात बोलत बसते. मी दारातून पाहिलं, दोघी हसत होत्या. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला अक्कल नाही.

आणि या सोनिकाने आज गोंदियाहून मनगटी घड्याळाचे बारीक सेल आणले, गोळ्यांसारखे चपटे. घरात घड्याळ एक, भिंतीवरचं, त्याला मोठा सेल लागतो. विचारलं तर म्हणाली, "खेळण्याचे आहेत मामाजी." घरात लेकरू नाही अजून, खेळणं कुठलं? पण सुनेच्या पिशवीत मी कशाला डोकावू.

१७ फेब्रुवारी

हिरालाल आला होता. ओसरीत बसलो, लोकेंद्रची माय तिथेच बाजूला सुपाने तांदूळ पाखडत होती. गप्पा रंगल्या. तो म्हणाला, "वहिनीचे कान एकदा नागपूरले दाखव ना जी पुरनभाऊ. अशी हरवन कुठंतरी."

मी म्हटलं, दाखवले. आणि सांगितलं त्याला सगळं, कानाच्या डॉक्टरचं. हलरने नस झिजली, हलरवरून उठवा म्हणाला, यंत्र लावा म्हणाला. "मी हिले सांगतलं, मळ हाय! तेल घालून राहिली बिचारी महिन्याभरापासून!" मला हसू आवरेना. "हलरवर दुसरा कोण बसन? पोरीचं लग्न होऊ दे, मंग पाहू. तवापर्यंत जे उरलंसुरलं हाय तेही जाईन, मंग यंत्राचा खर्चही नाही."

हिरालाल हसला नाही. या माणसाला कधी हसायचं ते कळत नाही. "वहिनी इथंच बसून हाय ना," एवढंच म्हणाला.

"तिले का ऐकू येते! थांब, दाखवतो." मी चेहरा अगदी गोड केला आणि प्रेमाने बोलावं तसं म्हटलं, "अवं भैरी! अवं ठोंबे! लग्न झालं का तुले सालेकस्याच्या वावरात झोपडीत नेऊन टाकतो, मोहाफूल वेचत बस. तुझी लहान बहीण दाखवली होती मले, पदरात टाकली तू!"

सुपाचा आवाज थांबला होता. हात दुखले असतील. तिने माझ्याकडे पाहिलं, माझा हसरा चेहरा पाहून तीही हसली. मग पुन्हा पाखडायला लागली.

"पाह्यलं?" मी म्हटलं. हिरालाल चहा न संपवता गेला.

१९ फेब्रुवारी

दोन दिवस झाले, ती हलरवर बसत नाही. अंग दुखते म्हणते. मीच बसतो आहे. आवाज डोक्यात असा भरतो की गिरणी बंद केल्यावरही कान गुणगुणत राहतात. नोकर बघावाच लागणार.

१० मार्च, महाशिवरात्र

खाटेवर पडून लिहितो आहे. पाय हलवता येत नाही.

सकाळी नागऱ्याला गेलो. बोपचे तिथे भेटणार होते, सगळं आजच्या भेटीवर अवलंबून होतं. मंदिराला ही गर्दी. थायलंडपासून मी नियम बदलला आहे: तोरड्या नाहीत, मागे आहे की नाही कळत नाही, म्हणून तिला पुढे चालायला लावतो. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, निदान डोळ्यांसमोर राहते. दुर्गेश्वरी आणि सोनिका बोपच्यांबरोबर आधीच पुढे गेल्या होत्या.

दर्शनाच्या रांगेत दगडावर दूध-पाणी सांडून, बेलाची पानं पडून नुसता चिखल झाला होता. मागून रेटा आला आणि माझा पाय घसरला. कमरेखाली काहीतरी कडकन वाजलं. मी आडवा. लोक अंगावरून चालले होते, माझ्या हातावर कोणाची तरी टाच पडली. ती पाच-सहा पावलं पुढे होती.

"लोकेंद्रची माय!" मी ओरडलो. "ओ! अवं ओ!"

लोकांच्या पायांतून मला तिची पाठ दिसत होती. उठता येईना, श्वास कोंडला, आणि मला भीती वाटली, मरायची भीती. मग मी तिचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, हजार माणसांत. "मुन्नी! मुन्नीबाई! मुन्नी!"

ती थांबली.

मला वाटलं, आता वळेल. ती पाठमोरीच उभी राहिली. हात वर नेऊन तिने कानावरचा पदर सारखा केला. आणि पुढे चालू लागली.

तिला ऐकू कसं येणार बिचारीला. पदर सुटला म्हणून थांबली असेल.

मला अनोळखी लोकांनी उचलून आणलं. बोपच्यांनी सोयरिक पक्की केली हे जीपमध्ये कळलं. मुलाची आई म्हणत होती, "समधीणबाईसंगं तठी किती बोलणं झालं! मोठ्या मनमोकळ्या हायेत." मुन्नीशी? बोलणं? देवाची कृपा, दुसरं काय.

१२ मार्च

माझी खाट ओसरीतून उचलून हलरच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत टाकली आहे. तिनेच टाकायला लावली. "हलरवर नवा माणूस बसवला ना जी, तुमची नजर राहीन त्याच्यावर." दिवसभर ते धडधड भिंतीतून डोक्यात येतं. पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला आहे, माझा नसल्यासारखा, आणि मांडी काळीनिळी झाली आहे.

दुपारी हलर बंद असताना कुडव्याचा डॉक्टर आला. पाहिलं, दाबलं, मी किंचाळलो. मग त्याने मला काही न सांगता घरच्यांना ओसरीत बोलावलं. हळू आवाजात बोलत होता, मला सगळं कळेना, कान अजून गुणगुणतात. 'नागपूर' एवढा शब्द दोनदा कानावर आला, आणि 'उशीर'. सोनिकाच्या रडण्यासारखा आवाज आला. मग गाडी सुरू होऊन गेली.

ती आत आली. मी विचारलं, "का म्हणलं डाक्टरनं?"

ती खाटेवर वाकली. माझ्या कानाशी तोंड आणलं आणि मोठ्याने म्हणाली, "काही नाही जी! मुरगळला हाय म्हणते! तेल लावा म्हणते!"

सोनिका दारात उभी होती. माझ्याकडे न बघता आत गेली.

मला आधी बरं वाटलं. मुरगळला असेल तर पंधरा दिवसांत उभा राहीन. पण ती तेल गरम करायला बसली आणि मी विचार करत पडलो. डॉक्टर एवढ्या हळू बोलत होता की मला ऐकू आलं नाही. मग हिला कसं आलं?

परीक्षा घ्यायचं ठरवलं. कोपऱ्यात स्टोव्हपाशी ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, वाटीतल्या तेलात लसूण हलवत. मी तोंडावर चादर घेतली आणि चादरीच्या आत, मलाच जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हटलं, "मुन्नी, नागपूरले ने मले."

चमच्याचा आवाज थांबला. मी चादर खाली केली. ती वळली नव्हती. पदर खांद्यावर पडला होता, आणि तिच्या कानात वालाच्या दाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं काहीतरी होतं.

"लग्न होऊ द्या जी," ती म्हणाली. "मंग पाहू."